बंद पडणाऱ्याची बडदास्त

कार्यालयातला एकुलता एक धड कॉम्प्युटर काम सांगितलं की बंद पडतो, ही बाब सर्वप्रथम ताईंच्या निदर्शनास आली. याचं कारण उघड आहे. त्याला काम सांगणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीची मंडळी त्यावर पत्ते खेळत, आणि पत्त्यांच्या बाबतीत तो ठणठणीत होता. वार्षिक अहवालासाठी सगळ्या शाखांचे आकडे एकत्र करायला घेतले, की मात्र आतला पंखा घोंघावू लागे, डबा तव्यासारखा तापे आणि पडदा काळाठिक्कर. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ताईंना सगळेच ताई म्हणत. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. ताई म्हटलं की काम सांगायला जीभ अडखळत नाही, हा त्यातला फायदा. या ताईंची लेक परगावी होती, तिचे दिवस भरत आले होते आणि ती रोज फोनवर एकच विचारत होती, "आई, कधी येतेस गं?" रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडला होता. साहेब मनाने वाईट नव्हते हो. ते म्हणाले, "रजा तुमचीच आहे, ताई. तेवढा अहवाल हातावेगळा करा आणि खुशाल जा."

अहवाल कॉम्प्युटरच्या पोटात आणि कॉम्प्युटरची ही तऱ्हा! ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावणं धाडलं. त्याने मशीन चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं आणि जाहीर केलं, "चालतोय की!"

"काम दिलं की बंद पडतो."

"मग देता कशाला?"

बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने ताईंना आकडे चालवून दाखवायला सांगितलं. दोघे बघत असतानाच डब्याने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने मागच्या जाळीतून आत टॉर्च मारला. "आत धूळ गच्च बसलीय. हवा खेळत नाही, म्हणून तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून आपला आपण बंद होतो. डबा उघडायचा, ब्रश मारायचा, झालं. अर्ध्या तासाचं काम."

ताईंचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो फार वेळ राहिला नाही. डब्याच्या स्क्रूवर कार्यालयाचं सील होतं. सील तोडण्याचा अधिकार तांत्रिक शाखेचा. तांत्रिक शाखेने कळवलं की डबा आम्ही उघडू, परंतु धूळ ही तांत्रिक बाब नव्हे. सफाई शाखेने कळवलं की आमची धूळ जमिनीपासून टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत. डब्याच्या आतली धूळ यंत्राचाच भाग समजण्यात यावी. साहेबांनी दोन्ही शाखांना एकदमच बोलावलं, तर आधी कोणी यायचं याबद्दल लेखी खुलासा मागून दोन्ही शाखा घरी बसल्या. दुरुस्तीवालाही ब्रश खिशात घालून निघून गेला.

मग चौकशी समिती बसली. ती व्यवस्थित बसली, चहा झाला, आणि निष्कर्ष निघाला की दोष यंत्राचा नसून भाराचा आहे. त्यावर हेडक्लार्क भाऊसाहेबांनी परिपत्रक काढलं. कार्यालयातील जे साधन अतिभारामुळे बंद पडत असेल, त्यास भार देऊ नये, गारव्यात ठेवावे, पुरेशी विश्रांती द्यावी व जबरदस्तीने चालू करू नये.

त्याच दिवशी कॉम्प्युटरची रवानगी साहेबांच्या एसी खोलीत झाली. ताईंच्या टेबलाजवळचा उभा पंखाही त्याच्या दिमतीला गेला. भाऊसाहेब रोज सकाळी उलट्या हाताने डब्याला स्पर्श करून म्हणायचे, "आज बरा दिसतोय." त्यावर मऊ फडकं पांघरलं गेलं, आणि खोलीत कोणी मोठ्याने बोललं की साहेब ओठांवर बोट ठेवत.

"आणि अहवाल?" ताईंनी विचारलं.

"हातानेच करा की! तुमचं अक्षर किती सुरेख आहे," भाऊसाहेब म्हणाले. शिवाय यंत्र विश्रांतीवर, म्हणजे त्याच्यावर होणारी पत्रं आणि हजेरीही कोणीतरी करायलाच हवी. ताईंच्या हातात पेन होतंच.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात आता कधीही. मला भीती वाटतेय." ताई तशाच उठून साहेबांच्या खोलीत गेल्या.

"ताई, तुम्ही गेलात तर ऑफिस बंद पडेल हो!" साहेब कौतुकाने म्हणाले. खरंच कौतुकाने.

ताईंनी फडक्याखाली निवांत पडलेल्या डब्याकडे पाहिलं. "याला नाही असं कोणी कधी म्हणालं."

"ते यंत्र आहे, ताई. त्याला समजावून सांगता येत नाही. तुम्ही समजूतदार आहात."

हे मात्र ताईंच्या फारच जिव्हारी लागलं. त्या जागेवर आल्या. अर्धी बेरीज झाली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले.

"ताई, ते पत्र झालं का?" भाऊसाहेबांनी विचारलं. डोळे मिटलेलेच. "ताई? अहो ताई!" सगळं कार्यालय गोळा झालं. साहेब धावत आले. "बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे," ताई डोळे न उघडता म्हणाल्या. "बंद आहे."

भाऊसाहेब नियमाचे पक्के. त्यांनी परिपत्रक काढून वाचलं, पुन्हा वाचलं आणि साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, यात 'साधन' असा शब्द आहे. ताई साधनात येतात का?"

साहेबांनी थोडा विचार केला. "आजवर आपण काय धरत होतो?"

उभा पंखा साहेबांच्या खोलीतून परत ताईंजवळ आणण्यात आला, आणि साहेबांनी रजेच्या अर्जावर उभ्याउभ्या सही केली.

ताई वेळेवर पोहोचल्या. लेकीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला, आणि पहाटे नात झाली तेव्हा दोघीही हमसून हमसून रडल्या. इतकं सुख ताईंना कित्येक वर्षांत झालं नव्हतं. जावई म्हणाला, "आई आल्यात, आता मला कसली काळजी?" आणि आडवा झाला. विहीणबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा प्रेमाने त्यांच्याकडे दिला. "तुम्हीच बघा आता. तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला?" ताईंनी बाह्या सरसावल्या. इथे बंद पडायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तुम्हाला साहेबांचं हसू आलं असेल. खुशाल येऊ द्या. जावयाचं आलं असेल, तर तेही वाजवीच आहे. पण मघाशी तुमच्या घरात आतून कोणीतरी हाक मारली होती, "जरा हात लावायला येता का?" आणि तुम्ही म्हणालात, "एवढी गोष्ट संपू दे." संपली. आता उठायची घाई नको. तिने एकटीने केव्हाच उरकलंय.