मस्कतची लाल गाडी

मी फक्त सेल बदलणार होतो. हे मी आजही शपथेवर सांगतो (विश्वास कुणी ठेवत नाही, तो भाग वेगळा).

माझे सासरे हंबीरराव, म्हणजे आप्पा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बेळगावहून आमच्या मल्लेश्वरमच्या फ्लॅटवर आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बॅगेतून रिमोटवर चालणारी एक लाल गाडी काढून माझ्यासमोर ठेवली.

"श्रीरंगराव, तुमी कंप्युटरवाले. हिला जरा बघतासा काय?"

अठ्ठ्याऐंशी साली माझ्या बायकोसाठी, मनस्विनीसाठी, तिच्या काकांनी ही गाडी मस्कतहून आणली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची. महिन्याभरात गाडी मोडली, कपाटात गेली, आणि 'ही पोर हातात घेईल ते मोडते' हे वाक्य त्या घरात कायमचं मुक्कामाला आलं. आजही ती चहाचा कप दोन हातांनी धरते.

मी सेलचं झाकण उघडलं. जुने सेल पाझरून आतलं सर्किट खाऊन बसले होते. म्हणून नवं सर्किट. त्याला जुना रिमोट चालेना, म्हणून नवा रिमोट. मग मोटर तरी जुनी कशाला? दुकानदार म्हणाला, "छोटी मोटर साकु सर, पुरे." पण मी इंजिनिअर (सॉफ्टवेअरचा, म्हणजे स्क्रू आणि माझी ओळख ऐकीव). मी मोठी घेतली.

गाडी खोलताना मात्र एक गंमत दिसली. ती मी जेवताना सांगितली.

"याआधी कुठल्यातरी महामूर्खाने ही दुरुस्त करायचा प्रयत्न केलाय. चाकाचा मोडलेला दांडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलाय. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी."

मी एकटाच हसलो. मनस्विनीचा घास हातातच राहिला.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "मला सोल्युशन कुठून मिळणार?"

आप्पा ताटातल्या भाताकडे बघत होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसरा डोळा वर येत नव्हता.

"तू शाळेत गेलेलीस," ते अखेर म्हणाले. "मला वाटलं, एकदा चालवून बघू. परसातल्या दगडी रगड्याला धडकली. चिकटवून ठेवली तशीच. तू आलीस, हात लावलास, आणि चाक गळून पडलं."

"आणि तुम्ही मला ओरडलात."

"सगळी बघायला लागली हुती. बोलायचं राहिलं. मग दरवर्षी जास्तच अवघड झालं बघ."

मनस्विनी उठली नाही, रडली नाही. तिने त्यांच्या भातावर आमटी वाढली आणि म्हणाली, "जेवा आधी." पुढचे चार दिवस घरात इतकी शांतता होती, की मी मीटिंगसुद्धा कुजबुजत केल्या. 'महामूर्ख' हा शब्द परत घेण्याची काही सोय आहे का, याचाही विचार करून पाहिला.

रविवारी गाडी तयार झाली. पार्किंगमध्ये ठेवून मी रिमोटची कळ अगदी हलकेच दाबली. गाडी दिसेनाशी झाली. मी डावीकडे वळवली, ती उजवीकडे गेली (वायर उलट्या जोडल्या होत्या), सोसायटीच्या सेक्रेटरी कावेरी अक्कांच्या रांगोळीतून आरपार निघाली आणि झेंडूच्या कुंडीवर चढून थांबली.

मागून हसण्याचा आवाज आला. आप्पा आणि मनस्विनी एकाच खांबाला टेकून हसत होते.

"आणा इकडं," आप्पांनी रिमोट मागितला. हातात आल्यावर मात्र त्यांनी तो लेकीपुढे धरला. "तुझी हाय. तू आधी."

तिने एका हाताने घेतला. तासभर दोघं आळीपाळीने गाडी पळवत होते, भांडत होते. "आप्पा, माझा टर्न," असं शेहेचाळीस वर्षांची बाई म्हणत होती. मला त्यांनी गेटपाशी उभं केलं, येणाऱ्या स्कूटर थांबवायला.

सोमवारी कावेरी अक्कांनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. तक्रारीच्या वहीत आमच्या फ्लॅटचा नंबर होता: पार्किंगमध्ये मुलांचा दंगा.

"मक्कळु अंदरे इष्टेच, मुलं ती मुलंच," त्या समजुतीने म्हणाल्या. "पण स्वल्प लक्ष ठेवायचं, सर."

मी "सरी, बरं" म्हणालो, आणि जिथे 'पालकांची सही' लिहिलं होतं, तिथे सही केली.