हेमराजभाऊचं ऑइल

आमच्या गावात पाहुण्याला चहाच्या आधी गाडीचं ऑइल दाखवणारा माणूस एकच, आमचा शेजारी हेमराजभाऊ. तो डिपस्टिक उपसतो, थेंब बोटावर घेतो, चोळतो, हुंगतो आणि डोळे मिटून निकाल देतो, "अजून जवान आहे." थेंब काळा निघाला की म्हणतो, "म्हातारं झालं. काढा!"

मेकॅनिकवर त्याचा विश्वास नाही. "ते लोकं गाडीसंग बोलतेत का? मंग?" काशीवहिनी म्हणतात, "माह्या नवऱ्याचं तोंड पाहाचं असन तं बॉनेटात वाका."

ऑइल काढायला गाडीखाली खड्डा लागतो. पण भाऊचे पूर्वज तलाव-पाट बांधणारे; वावरातला कोरडा पाट असताना भाऊ खड्डा कायले खणेल? दोन चाकं पाटाच्या या काठावर, दोन त्या काठावर, आणि मधे भाऊ उताणा.

परवा सकाळी हाक आली, "मास्तर, बॅटरी धर!" माझी पोरगी पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. माझा सगळा जीव घराकडे. तरी टॉर्च घेऊन गेलो.

बोल्ट सुटला, काळं ऑइल घमेल्यात उतरलं. फिल्टर मात्र अडून बसला. भाऊनं कमरेचा पट्टा काढून फिल्टरला आवळला आणि दिला हिसका. फिल्टर हलला नाही; पँट हलली.

"मास्तर, आता फिल्टर धरू का पँट?"

"फिल्टर धर. पँट गेली."

शेवटी फिल्टर सुटला. तेवढ्यात पाटाच्या वरच्या बाजूनं खळखळ ऐकू आली. मी ओरडलो, "भाऊ, पाणी!"

"नोको, तहान नाही."

पाणी कानात शिरलं तेव्हा त्याला आठवलं. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी आठवडाभर भांडून त्या दिवसाची पाळी त्यानं स्वतःच मिळवली होती! भाऊ बाहेर आला तो डोक्यावर घमेलं, दातांत पट्टा अशा अवतारात. पँटीचं वर्णन मी करत नाही. उन्हाळी धान रोवणाऱ्या बाया ते अजून करून राहिल्या आहेत. पण ऑइलचा एक थेंब त्यानं धानात पडू दिला नाही.

पाणी वळवून त्यानं बोल्ट परत आवळला, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावलं, हातानंच तो घट्ट बसवला, नवं ऑइल ओतलं आणि माझ्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला गडवा दिला.

"बस मागं. सांडला का सांगजो."

"काऊन?"

"बस न!"

आम्ही तिरोड्याच्या दवाखान्याकडे निघालो. मी "सांडला!" म्हटलं की गाडी थांबे. भाऊ उतरून कडेच्या झाडाला डबीतला चुना फासे. सात-आठ झाडं रंगली, माझं धोतर भिजलं. परत येताना प्रत्येक खुणेपाशी त्यानं गाडी अशी हळू नेली, जणू खाली अंडी अंथरली आहेत.

"कोणासाठी हे?" मी विचारलं.

"पोरगी भेवते धक्क्याले. लहानपणी सायकलवर नेत होतो तं मागून गच्च धरे मले." मग म्हणाला, "तिले सांगू नोको."

त्याच्या घरी पाळणा कधी हलला नाही.

माझ्या दाराशी त्यानं गडव्यात डोकावून पाहिलं. पाणी अर्ध्यावर आलेलं. हापशीवर जाऊन त्यानं तो पुन्हा काठोकाठ भरला.

"चाल मास्तर, अजून एक चक्कर."