खातूअण्णांचा पिवळा पट्टा

आमच्या शेजारचे खातूअण्णा स्वतःच्या दारासमोरच्या रस्त्यावर एस.टी.च्या घोषणा करतात. माइक नाही, एस.टी. नाही, स्टँडही नाही. गळ्यात शिट्टी अडकवून पायरीवर उभे राहतात आणि ओरडतात, "पांढऱ्या गाडीच्या चालकाने लक्ष द्यावे! आपली माणसे उतरलेली आहेत. गाडी सोडण्यात यावी!" आणि पांढरी गाडी मुकाट सुटते. मी हेच सांगायला गेलो की "तुमच्या बापाचा रस्ता काय?" असं ऐकून घ्यावं लागतं.

अण्णा एस.टी.त कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण डोक्यातला डेपो काही सुटला नाही. बायको गेल्यापासून एकटेच असतात. त्यांच्या घराला लागून माझं कोकणी मेव्याचं दुकान. रत्नागिरीतला आमचा रस्ता हा एवढा चिंचोळा. टेम्पो थांबला की मागे रिक्षावाल्यांची बोंबाबोंब. म्हणून नगरपरिषदेने कडेला पिवळा पट्टा आखायचं ठरवलं. त्यात गाडी आणायची, माल नाहीतर माणसं उतरवायची आणि निघायचं. गाडी लावून ठेवायची नाही.

आता अर्ज कुणी केला? मी. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर कोण ताटकळलं? मी. आणि पट्टा पडला कुठे? अण्णांच्या दारात! कारण रंगवाले आले त्या सकाळी माझ्या दुकानासमोर एक स्कूटर आडवी लावलेली होती. कुठल्या शहाण्याने लावली म्हणून विचारू नका. स्कूटर माझीच होती.

जळफळाट होणार नाही तर काय हो? ज्या माणसाला साधी सुपारी विकायची नाही, त्याच्या दारात गाड्यांची रांग! एकदा खेडच्या एक बाई उतरल्या आणि पट्ट्यातच उभ्या राहून निऱ्या सारख्या करायला लागल्या. अण्णांनी शिट्टी फुंकली. "मावशी, निऱ्या आत जाऊन! मागची गाडी खोळंबलीय!" बाई चिडतील म्हणून मी आशेने बघत होतो. तर त्या हसत सुटल्या. माझ्याकडे फणसपोळी घेताना म्हणाल्या, "किती गोड माणूस आहे हो!" गिऱ्हाईक माझं, कौतुक त्यांचं.

आमच्या हिनेसुद्धा कमाल केली. अण्णा एका म्हातारीला हात धरून उतरवत होते, ते बघून म्हणते, "तुम्ही मला कधी दिलात का हो असा हात?" मला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज ठोकला, पट्टा माझ्या दुकानासमोर हलवावा. साहेब जागा बघायला येणार असं ठरलं.

अण्णांना कळलं तेव्हा ते दुकानात आले. म्हणाले, "गणपतीपर्यंत तरी राहू दे रे दिगू. नितीन यायचाय." नितीन म्हणजे त्यांचा ठाण्याचा मुलगा. "गेल्या खेपेला गाडी थांबवायला जागा नाही म्हणून फोनवरच बोलला आणि परस्पर गणपतीपुळ्याला गेला." मी नुसतं "बघू" म्हटलं. मेहेरबानी केल्यासारखं.

साहेब आले आणि नेमकी नितीनची गाडी पट्ट्यात शिरली. नितीन उतरला नाही. इंजिनसुद्धा बंद केलं नाही. काच खाली करून मिठाईचा बॉक्स तेवढा पुढे केला. मागे सून मोबाइलमध्ये, नात झोपलेली. अण्णांनी खिडकीतून हात घालून नातीच्या गालाला हळूच बोट लावलं.

"आत चला ना. चहा टाकतो."

"नको बाबा, हॉटेलवर पोचायचंय. मागे टेम्पो पण आलाय."

टेम्पो माझ्या मालाचा. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता. अण्णांनी त्याला तळहात दाखवून थांबवलं आणि वाकून मुलाला म्हणाले, "थांब रे. इथे कोणी काही बोलत नाही. मी आहे ना!"

मला तर आयतंच सापडलं होतं. साहेबांना म्हणणार होतो, बघा, नियम फक्त लोकांना! तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, "साहेब, पट्टा आहे तिथेच बरा आहे."

"मग मला बोलावलंत कशाला?" साहेब तडकले आणि गेले. मी धावत जाऊन टेम्पो मागे घ्यायला लावला, वळून बघतो तर नितीन निघून गेलेला.

अण्णा बॉक्स धरून पट्ट्यातच उभे. "या, सरबत घेऊ," म्हणून त्यांना दुकानात आणून बसवलं, तोच माझा मुलगा माझ्यावर खेकसला, "बाबा, डोकं फिरलंय काय तुमचं? टेम्पो मागे का घालवलात?" मीही काही कमी नाही. अण्णांसमोरच आमची जुंपली. शेवटी तो पाय आपटत टेम्पोकडे गेला.

"रोज भांडता ना रे तुम्ही?" अण्णा म्हणाले. "भिंतीतून सगळं ऐकू येतं."

मी ओशाळलो. "त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"छे रे! ताट घेऊन त्या भिंतीशीच बसतो मी."