डाव्या खांद्याची निवड

तोफेचा खांदा दुखत नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट क्रीडा मंडळाला संशयास्पद वाटली.

तोफ म्हणजे भालाफेकपटू. शाळेत असताना तिचा भाला थेट मुख्याध्यापकांच्या मोटारीपर्यंत पोचला होता. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. आता तिशी मागे पडली होती. देशाच्या संघातून खेळायची ही शेवटची संधी, हे तिलाही कळत होतं आणि तिच्या गुडघ्यांनाही. पण गेल्या वर्षी एक खेळाडू ऐन स्पर्धेत खांदा धरून खाली बसला आणि मंडळाची नाचक्की झाली. म्हणून नवा नियम निघाला: निवडीआधी प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांचा एमआरआय काढायचा, एक तपासणीसाठी आणि दुसरा तुलनेसाठी. दुखत असो वा नसो.

तपासणी केंद्रातल्या गार खोलीत, पाठीमागे नाड्या असलेला झगा सावरत तोफ यंत्रासमोर उभी राहिली.

"कुठे दुखतं?" तंत्रज्ञाने विचारलं.

"कुठेच नाही."

"अहो, काहीतरी सांगा. नुसतं आत घालून काय करू? यंत्राला कुठे बघायचं ते कळायला नको?"

"बरं, कधी कधी कानात दडे बसतात."

"ते दुसऱ्या मजल्यावर," तंत्रज्ञ म्हणाला आणि तिला आत सरकवून निघून गेला.

अहवाल आला. उजव्या खांद्यात खोबणीच्या कूर्चेला चीर, स्नायुबंधाला सूज, हाडाला बारीक खळगे. डावा खांदा निर्दोष. चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांनी खाली लिहिलं होतं, की वर्षानुवर्षं फेकणाऱ्यांच्या खांद्यात असे बदल सर्रास दिसतात, तेव्हा खेळाडूला प्रत्यक्ष तपासून मगच काय ते ठरवावं. पण हे बारीक अक्षरात होतं, आणि मंडळ फक्त ठळक अक्षरं वाचत असे.

बैठकीत भिंतभर पडद्यावर तोफेचा खांदा लावला होता. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला खुद्द तोफ बसली होती, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"तुम्हाला रात्री झोप लागत नसणार," मंडळाचे डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले.

"छान लागते."

"हात डोक्याच्या वर जात नसणार."

तोफेने हात डोक्याच्या वर नेला. तो कुणाला दिसला नाही.

"डॉक्टर, गेल्याच आठवड्यात मी आजवरची सगळ्यात लांब फेक केली."

"बघा! किती लपवलंय दुखणं."

तिच्या प्रशिक्षकांना, म्हणजे सरांना, राहवेना. "अहो साहेब, खाली लिहिलंय ना खेळाडूला तपासा म्हणून? जरा हात तर लावून बघा!"

"ते प्रत्येक अहवालाखाली असतंच," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांनी आयुष्यात टीव्हीच्या रिमोटपेक्षा जड काही फेकलं नव्हतं. "पत्राखाली 'कळावे' लिहितात, तसं."

मग ठराव झाला. तोफेच्या उजव्या खांद्याला सक्तीची विश्रांती, आणि निर्दोष असल्याकारणाने डाव्या खांद्याची निवड.

"पण साहेब, ती उजव्या हाताने फेकते!"

"तो तिचा वैयक्तिक प्रश्न. मंडळ कुणाच्या आवडीनिवडीत पडत नाही."

घरी आई हे ऐकून आधी खो खो हसली, मग तिला लेकीचा चेहरा दिसला. "अगं, डाव्या हाताने तुला धड दाराची कडी लावता येत नाही," ती हळूच म्हणाली. तोफेला रडूच फुटलं. ज्या खांद्यासाठी तिने उभं तारुण्य मैदानावर घालवलं, तोच आता तिच्या आड आला होता. फार वाईट वाटलं तिला, आणि त्याहून जास्त राग आला.

तरी दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने फेकायला उभी राहिली. पहिला भाला कुंपणाकडे गेला, दुसरा सरांकडे. त्यानंतर सर झाडामागे उभे राहून मार्गदर्शन करू लागले.

इकडे बाकीच्यांचे अहवाल आले. जो जितका लांब फेकत होता, त्याच्या खांद्यात तितक्या चिरा. दोन्ही खांदे निर्दोष असलेली सबंध देशात एकच व्यक्ती सापडली: अध्यक्षांची भाची. तिने भाला फक्त चित्रात पाहिला होता. नात्यागोत्याचा मुळीच विचार न करता मंडळाने तिला संघात घेतलं. तोफेचा डावा खांदा राखीव राहिला.

शहाणपणात इतर देशांची मंडळंही मागे नव्हती. स्पर्धेला जगभरातून एकाहून एक गुळगुळीत खांदे आले. तेव्हा आयोजकांच्या वैद्यकीय समितीने रास्त शंका काढली: फेकल्याने खांदे खराब होतात, हे सिद्धच आहे, मग या अनमोल खांद्यांना फेकायला कशाला लावायचं? स्पर्धेच्या दिवशी सकाळी फेकी रद्द झाल्या. खांद्यांची चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवून परीक्षकांनी गुण द्यायचे ठरलं.

स्टेडियम खच्चून भरलं होतं. "काय खोबण आहे, वा!" समालोचक ओरडला, आणि भाचीला सुवर्णपदक मिळालं.

स्टेडियमला लागूनच सरावाचं मैदान होतं. तिथे तोफ भाला घेऊन उभी होती.

"सर, टाकू का एक?"

"कुठल्या हाताने, पोरी?"

तिने भाला उजव्या हातात घेतला. सरांचे डोळे भरून आले. ती धावली, सगळा राग त्या खांद्यात आणला आणि भाला सोडला. तो गेला, जातच राहिला, आणि आजवर कुणाही बाईचा भाला पोचला नव्हता तिथे जाऊन रुतला.

स्टेडियमच्या त्या बाजूच्या वरच्या रांगेतून ही फेक अगदी स्वच्छ दिसत होती. मान थोडीशी वळवायला हवी होती, इतकंच. तुम्ही तिथेच बसला होता. पण तेव्हा तुम्ही मोबाइल उंच धरून पडद्याचा फोटो काढत होता, आणि शेजारच्याला सांगत होता, की खांदा असावा तर असा.