तातेराव मास्तरांचा परदेश

तातेरावाचं लग्न बसऱ्यावर अडलं होतं. हिंगोलीच्या इस्माईल शेठची समुद्रापारच्या त्या अरबी बंदरात पेढी होती, आणि तिथल्या व्यापाऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवायला माणूस हवा होता. हे कानावर आल्यापासून साखऱ्याचे उत्तमराव हटून बसले होते. "पोरगी देतो, पर जावई परदेशातला मास्तर पायजे. गावातले मास्तर आमच्याकडं बी हायेत."

शिकवायचं कसं हे शिकायला तातेराव पलटणीतून निवृत्त झालेल्या अजीजमियांकडे जाऊ लागला. हुकूम देता आला की भाषा आली, असं त्यांचं मत. सुगीत पोरं मिळेनात, म्हणून त्यांनी त्याला म्हशीपुढं उभं केलं. तातेराव दिवसभर 'सिट डाऊन' ओरडायचा. ती म्हैस पुढं मराठीत बसेनाशी झाली, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या पुसेगावची रीत अशी, की दूर निघालेल्याला घरोघरी जेवू घालायचं, हातावर दही देऊन वाजतगाजत शिवेपर्यंत पोचवायचं. एकदा शीव ओलांडली की काम झाल्याबिगर परत फिरायचं नाही. फिरला तर साऱ्या गावाला अपशकुन. तातेराव महिनाभर जेवला. आमच्याकडे दोनदा, कारण पहिल्या खेपेला पुरण नव्हतं. शेवटी नव्या कोटाची बटनं लागेनात, तेव्हा गावानं त्याला वाटेला लावलं.

हिंगोलीच्या ठेसनावर इस्माईल शेठ हात हलवतच आले. "मास्तर, विलायतेत लढाई सुरू झाली. जहाजं बंद."

"मंग मी काय करू?"

"घरी जा."

"घरी कसा जाऊ, शेठ? सारं गाव खाऊन आलोय."

परत जाता येईना, पुढं जाता येईना. मग तातेराव आडवाटेनं पैनगंगा उतरून पलीकडे गेला. आमचा मुलूख संस्थानी, तिथं थेट इंग्रजांचा अंमल. तिथल्या पाटलांनी त्याचा कोट पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला शाळेत मास्तर म्हणून उभं केलं.

दिवाळी झाली आणि उत्तमराव बैल पाहायला पलीकडच्या बाजारात गेले. शाळेवरून जाताना त्यांना ओळखीचा आवाज आला. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"मास्तर, बसरा लईच अलीकडं सरकला म्हणायचा."

तातेरावाच्या हातातला खडू मोडला. "मामा, जहाजं बंद हायेत. पर ह्यो बी परदेशच हाय."

"मला येडा समजून राहिला का? लगीन मोडलं म्हून समज."

"मोडा. पर एक सांगा, इथं राज्य कोणाचं?"

"इंग्रजाचं."

"नाणं?"

"कलदार. आपला रुपया चालत न्हाई."

"अन् येताना करोडगिरीच्या जकात नाक्यावर काय झालं?"

उत्तमरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "तंबाखू काढून घेतली. धोतर बी झटकायला लावलं."

"आपल्या मुलखात तुमाला कोणी कवा धोतर झटकायला लावलं का?"

उत्तमरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग ते तसेच घराच्या वाटेला लागले. बैल घ्यायचंही राहून गेलं.

ते घरी पोचले तेव्हा ओट्यावर ही एवढी माणसं जमलेली. नाक्यावर त्यांची झडती झाल्याची बातमी त्यांच्याआधीच साखऱ्यात आली होती.

गोजरबाईनं नवऱ्याला विचारलं, "बैल कुठं हायेत हो?"

लग्न मोडल्याचं उत्तमरावांच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात ओट्यावरचा म्हातारा खेमा सरकून म्हणाला, "बसा मालक, इथं मधी बसा. परदेशी जाऊन आलेला मानूस आपल्या गावात दुसरा न्हाई."

साखऱ्यात त्यांना मधे बसा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. उत्तमराव मधे बसले.

"अन् जावई दिसले का?" गोजरबाईचा जीव टांगणीला.

"दिसले. लई मान हाय त्यांना तिकडं. तुळशीचं लगीन झालं की बार उडवून टाकू."

"लई लांब हाय का हो?"

"पाणी ओलांडावं लागते," उत्तमराव गंभीरपणे म्हणाले, आणि गुडघ्यापर्यंतचा चिखल धुवायला त्यांनी तांब्या मागितला.