वालूरहून सुटलेली ओवी

आमच्या शेजारचे कंट्रोलर काका आंघोळीला निघाले की अख्ख्या गल्लीला कळतं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. न्हाणीकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटणार आहे." मग खाकरणं, मग बादलीचा आवाज. सोनपेठच्या बसस्टँडवर काकांनी कंट्रोलर म्हणून उभी हयात काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कधी सोडायची, हे सगळं त्यांच्या हातात. नोकरी संपली, पण भोंगा गळ्यातच राहिला. गंमत म्हणजे एरवी काका आपल्या गावचंच बोलतात, घोषणा मात्र पुस्तकी मराठीत. काकूंना त्याचा वीट आलाय. आमच्या लग्नात मंगलाष्टकं कमी अन् घोषणाच जास्त झाल्या, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत संगणक आला तेव्हा हेडमास्तरांनी तो माझ्या गळ्यात मारला, आणि तेव्हापासून गल्लीत कुणाचंही यंत्र अडलं की 'बाईंना बोलवा' हे ठरलेलं. त्यामुळे एका रविवारी मी मेथी निवडत असताना काका दारात उभे राहिले तेव्हा मला कल्पना आलीच.

"बाई, गाडी वाटंत बंद पडलीय. जरा येता का?"

गाडी म्हणजे एक गाणं होतं. पुण्याला गेलेल्या मुलाने घरीच ठेवून दिलेल्या जुन्या संगणकावर काकांना ते नेटवरून उतरवून घ्यायचं होतं, आणि ते दरवेळी अर्ध्यावर येऊन थांबत होतं. मोबाइलवर ऐका की, असं मी म्हणून पाहिलं. काकांनी मान हलवली. डिझेल इंजिनांच्या आवाजात त्यांचे कान निम्मे गेलेले, मोबाइलचा आवाज त्यांना डास गुणगुणल्यासारखा वाटतो. मोठे स्पीकर फक्त त्या संगणकालाच होते.

मी येण्याआधी काकांनी आपल्या परीने सगळे उपाय केले होते. इंटरनेट मोबाइलवरून घ्यायचं म्हणून तो मोबाइल आधी खिडकीत ठेवला, मग तुळशीत, मग दोरी बांधून माळवदावर. संगणकाचं टेबल फिरवून वालूरच्या दिशेला तोंड करून ठेवलं, कारण गाणं वालूरचं होतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून तिथल्या पोरीला विचारलं की आमची गाडी सध्या कोणत्या डेपोत उभी आहे. ती बिचारी 'सर, एकदा बंद करून चालू करा' म्हणत राहिली. हे कमी होतं म्हणून काकांनी ओट्यावर उभं राहून घोषणा केली, की समस्त गल्लीने अर्धा तास मोबाइलवर सिनेमे बघू नयेत, रस्ता मोकळा ठेवावा. लोकांनी ऐकलंही. आमच्या गल्लीत काकांचा शब्द कुणी मोडत नाही, त्यांनी कधीकाळी प्रत्येकाला गाडीत जागा मिळवून दिलेली असते.

पण गाडी काही येत नव्हती. मी दोन-चार खटपटी केल्या, जागा रिकामी केली, नको त्या फायली उडवल्या, आणि हात टेकले. काका, जाऊ द्या, दुसरं एखादं गाणं लावू, असं मी अगदी सहज म्हणाले. काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी अर्धवट उतरलेलं गाणं मला ऐकवलं.

जात्याची घरघर, आणि तिच्यावर एका बाईचा रुंद, मोकळा आवाज. एक ओवी झाली, दुसरी झाली. मग आलं:

*भाऊबीजंच्या दिसी बाई, येष्टीला झाली दाटी,*
*बंधू माझा ग…*

आणि तिथेच बंद.

"ही आक्का हाय माझी. थोरली," काका म्हणाले.

आक्का वालूरला दिली होती. आई लवकर गेली म्हणून काकांना तिनेच कडेवर वाढवलेलं. ओव्या गोळा करणारी काही माणसं कधीकाळी वालूरला येऊन बायकांचे आवाज भरून घेऊन गेली होती. आता ते नेटवर आले, आणि आक्काच्या सुनेने काकांना ते धाडलं. आक्का जाऊन बरीच वर्षं झालीत. आपण असं काही गायलोय हे ती भावाला कधी बोलली नव्हती.

आणि कंट्रोलरला भाऊबीजेला रजा कुठली? सगळं जग बहिणीकडे निघालेलं, तेव्हा काका स्टँडवर जादा गाड्या सोडत उभे. वर्षानुवर्षं हे असंच. सण उरकल्यावर, पणत्या विझल्यावर ते वालूरला पोचायचे.

"नाराज हाय का गं, म्हणून लय येळा इचारलं. नुसती हसायची. आता तिथं काय म्हनलीय ते ऐकायचंय, बाई. शिव्या घातल्या आसल्या तरी चालतंय. पर पुऱ्या ऐकायच्या."

मला भरून आलं. पदर खोचून मी पुन्हा खुर्चीवर बसले. आता मीही हट्टाला पेटले होते.

काकांना म्हटलं, तुम्ही नेहमी जसं करता तसं माझ्यासमोर करून दाखवा. काकांनी बटण दाबलं. निळी पट्टी थोडी सरकली आणि रेंगाळली. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जीभ टाळूला लावून च्यक केलं, आणि पुन्हा तेच बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा.

हे काय, असं मी विचारलं.

"जादा गाडी," काका म्हणाले. पहिली लेट झाली की तिच्या मागं दुसरी सोडायची, पॅसेंजर खोळंबला न्हाई पाहिजे. एवढं साधं बाईंना कसं कळत नाही, असा त्यांचा स्वर.

मी यादी उघडली. खालपासून वरपर्यंत तीच ओवी, तीच ओवी, तीच ओवी. एका पायवाटेएवढ्या नेटवर काकांनी आक्काच्या गाड्यांची रांग लावली होती. सगळ्या एकमेकींत अडकून अर्ध्या वाटेवर धापा टाकत होत्या. मला हसू आवरेना. काकू दारातून म्हणाल्या, जल्मभर हेच केलं ह्यांनी.

मी सगळ्या गाड्या रद्द केल्या. काकांना ते बघवलं नाही, ते तोंड फिरवून उभे राहिले. मग एकच गाडी सोडली आणि सांगितलं, की आता कशालाही हात लावायचा नाही, ती आपली आपण येईल.

हे ऐकायला सोपं आहे. कंट्रोलर माणसाला लेट गाडीकडे नुसतं बघत बसायला सांगणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी पाहिलं. काका उठत, बसत, घड्याळ बघत. बोटं सारखी बटणाकडे वळवळत. शेवटी काकूंनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं, की फोडा. काका दात-ओठ खाऊन शेंगा फोडू लागले. पट्टी नेहमीच्या जागी येऊन थबकली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. त्यांनी दोन्ही मुठी दाण्यांत रुतवल्या आणि डोळे मिटून घेतले, पण उठले नाहीत. पट्टी परत सरकली. काकू पदर सावरत आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

गाडी आली. मी आवाज मोठा केला.

*भाऊबीजंच्या दिसी बाई, येष्टीला झाली दाटी,*
*बंधू माझा ग धाडीतो, भाऊ बहिणींच्या भेटी.*

जात्याचा एक फेरा नुसताच गेला. मग पुन्हा तोच मोकळा आवाज:

*ओवाळणीचं ताट, ठेविते मी झाकून,*
*येईल बंधू माझा, साऱ्या गाड्या सोडून.*

शिवी नव्हती, रुसवा नव्हता. उलट त्या आवाजात तोरा होता. गावातल्या साऱ्या बायकांना ती ऐकवत होती, की तुमचे भाऊ तुमच्या दारी आले ते माझ्या भावाने पाठवले म्हणून. मला तर रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काका मात्र उठून उभे राहिले. सदरा खाली ओढला, खाकरले. आलेल्या प्रत्येक गाडीची घोषणा त्यांना करावीच लागते.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," ते म्हणाले. "वालूरहून येणारी…"

पुढचं निघेना. मांडीवरचे दाणे खोलीभर सांडले होते.

जन्मभर त्या घोषणांना कंटाळलेल्या काकू पुढे झाल्या, त्यांच्या दंडाला हात लावला, आणि हळूच म्हणाल्या, "वालूरची गाडी लागलीय. बसा आता."