साडूभाऊ, तुम्ही आधी

पहाटेच्या गजरानं थोरले उठून बसले, एक मोजा पायात घातला आणि दुसरा हातात धरून तसेच बसून राहिले.

"अहो, बसल्या बसल्या झोपलात की काय?" बायकोनं विचारलं.

"नाही. विचार करतोय."

"कसला?"

"साडूभाऊंना रात्रीतून ताप आला असेल का, याचा."

"काही ताप नाही. आत्ताच धाकटीचा फोन येऊन गेला. तेही तिकडे हेच विचारत होते, तुमची तब्येत कशी आहे म्हणून."

थोरल्यांनी सुस्कारा सोडला आणि दुसरा मोजा पायात चढवला. आता सुटका नव्हती.

आज ट्रायथलॉन होती. आधी तलावात पोहायचं, बाहेर आलं की सायकल हाणायची आणि सायकलवरून उतरल्यावर माणूस उभा राहू शकत असेल तर पळायचं. त्यातही ही लांब पल्ल्याची, म्हणजे सकाळी सुरू होऊन उन्हं उतरेपर्यंत चालणारी. थोरल्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकाला "हे दिसतं? आता हे? आधीचं बरं की हे बरं?" असं विचारायचं, हाच त्यांचा व्यायाम. आजवर ते जास्तीत जास्त पळाले होते ते दुकानातल्या खुर्चीपासून भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापर्यंत.

धाकटे लिफ्ट दुरुस्त करत. आता ज्या इमारतीत त्यांना बोलावणं यायचं, तिथली लिफ्ट बंदच असणार हे उघड आहे. त्यामुळे लिफ्टच्या धंद्यात राहूनही बिचाऱ्यांचा जन्म जिने चढण्यात गेला होता. पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण पाण्याला ते बादलीतसुद्धा घाबरत.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघे साडू. एकमेकांना ते अगदी आदरानं "साडूभाऊ" म्हणत. भांडण कधी झालं नाही, पण एकाकडे मोठा टीव्ही आला की दुसऱ्याचा चांगला चालणारा टीव्ही त्याला आपोआप लहान दिसू लागे. हे ओळखून बहिणींनी फार पूर्वीच नियम करून टाकला होता: जे घ्यायचं ते दोन्ही घरी सारखं. पडदे सारखे, कुकर सारखे, नवऱ्यांचे शर्टसुद्धा एकाच ताग्यातले. शर्यतीसाठीही दोन निळ्या सायकली, दोन निळी शिरस्त्राणं आणि दोन निळ्या पिशव्या अशी एकदमच खरेदी झाली होती.

शर्यतीचं हे खूळ निघालं सासुरवाडीत. सासरेबुवा एकटे राहत. दर रविवारी एका जावयानं त्यांच्याकडे जायचं, अशी पाळी लावलेली होती. गेलं की काम तयारच असे. कधी नळ गळत असे, कधी दाराची बिजागरी ढिली झालेली असे, आणि काहीच नसलं तर लाकडी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचं असे. पुढच्या रविवारी दुसरा जावई येऊन ते परत जागेवर नेई. एकदा दोघांनी मिळून ते उचललं तेव्हा थोरल्यांना धाप लागली, धाकटे हसले, थोरले चिडले, आणि शब्दानं शब्द वाढत गोष्ट थेट ट्रायथलॉनपर्यंत गेली. बायकांच्या माघारी पैजही लागली. जो मागे राहील त्यानं वर्षभर सगळे रविवार सासरेबुवांकडे जायचं. जो पुढे जाईल त्यानं झोपायचं.

झोपायचं! थोरल्यांचं दुकान रविवारीच बंद असे. वर्षभराचे सगळे रविवार अंथरुणात, पडदे ओढून! या एका सुखासाठी त्यांनी सहा महिने एकाही रविवारी अंथरुणाला पाठ लावली नव्हती. उजाडायच्या आत सरावाला जायचं आणि दुपारी लंगडत परत यायचं. सरावापायी सासरेबुवांकडे जाणंही बंद पडलं. म्हातारा एकटा बसला असेल, नळ गळत असेल, या विचारानं दोघांच्याही मनाला टोचणी लागली होती. पण ती दोघांना सारखीच होती, त्यामुळे तिचं कुणाला काही वाटलं नाही.

तलावावर पोचताच दोन्ही साडू स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहिले. भीतीचे परिणाम. तेवढ्यात बहिणींनी टेबलावरून त्यांचे नंबर आणि घोट्याला बांधायचे पट्टे आणले. त्या पट्ट्यात वेळ मोजणारी चिप होती. शेवटच्या रेघेवरून पट्टा गेला की पट्ट्यावर ज्याचा नंबर, त्याचं नाव लागायचं, मग तो कुणाच्या का पायात असेना. बहिणींनी गप्पा मारता मारता एकेक पट्टा आपापल्या नवऱ्याला बांधला.

"घट्ट बांध हो ताई, भाऊजींच्या पायातून निसटेल," धाकटी म्हणाली.

"निसटतोय कसला, घोटा बघ केवढा सुजलाय."

भोंगा झाला आणि माणसं पाण्यात पडली. थोरले बेडकासारखे पोहत, पण न थांबता पोहत. धाकटे अर्धं अंतर पाण्यावरच्या केशरी फुग्यांना मिठी मारत गेले. साहजिकच थोरले आधी बाहेर आले, आणि इथेच घोळ झाला.

त्यांना लांबचं दिसत नसे. पोहताना चष्मा घालता येत नाही, म्हणून तो सायकलीला अडकवलेल्या पिशवीत ठेवला होता. गावाला चष्मे लावणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी नंबरचा पोहण्याचा चष्मा काही केला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सायकलींच्या त्या जंगलात एक निळा डाग दिसला, तो त्यांनी ओढून काढला आणि वर बसले. बसले म्हणजे चढले. सीट छातीला लागत होती. पिशवीत हात घातला तर चष्मा निघाला, पण तो धाकट्यांचा उन्हाचा चष्मा. त्यांच्याच दुकानातला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"अहो, ही सायकल माझी नाही," ते तिथे शिट्टी फुंकत उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले.

"मागे वळायचं नाही काका! मागून माणसं येतायत, चला, चला!"

आणि थोरले चालू लागले. धाकटे चांगले उंच, त्यांच्या मापाच्या सायकलीवर थोरल्यांचे पाय पेडलला जेमतेम टेकत. अख्खा रस्ता त्यांनी बोटांच्या टोकांवर, कमरेतून डावी-उजवीकडे कलत काढला. समोर सगळं धूसर. एका वळणावर त्यांनी "चला, जोरात चला" म्हणणाऱ्या प्रेक्षकाला हात हलवून धन्यवाद दिले. जवळ गेल्यावर कळलं की तो विजेचा खांब होता आणि आवाज मागच्या सायकलवाल्याचा होता.

बऱ्याच वेळानं धाकटे पाण्याबाहेर आले. एकच निळी सायकल उरलेली बघून त्यांनी ती घेतली. ती थोरल्यांच्या मापाची, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागू लागले. कंबर तर अर्ध्या वाटेतच गेली. तरीही दगडी पिंढऱ्यांच्या जोरावर त्यांनी बरंचसं अंतर भरून काढलं.

पळण्याच्या टप्प्यावर पळत कुणीच नव्हतं. बाकीचे स्पर्धक केव्हाच पुढे गेले होते. थोरले हात कमरेवर ठेवून चालत होते आणि प्रत्येक पावलाला मनात सासरेबुवांचं कपाट आठवत होते. ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात मागून फरफट फरफट असा आवाज आला.

"साडूभाऊ!"

"कोण? साडूभाऊ? या, या," थोरले म्हणाले. बरोबर कुणी मरायला आलं की माणसाला जरा बरं वाटतं.

"हा घ्या तुमचा चष्मा. तुमच्या पिशवीत होता. म्हटलं, तुम्ही कुठे खड्ड्याबिड्ड्यात पडायचे."

थोरल्यांना खरंच भरून आलं. आपण पैज जिंकायच्या मागे, आणि हा भला माणूस दिवसभर आपला चष्मा खिशात जपत आला. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. सगळं जग एकदम लख्ख झालं, आणि त्या लख्ख जगात त्यांना पहिली गोष्ट दिसली ती धाकट्यांच्या घोट्यावरचा पट्टा. त्यावर थोरल्यांचा नंबर होता.

थोरल्यांनी बूट नीट करायच्या निमित्तानं खाली वाकून स्वतःचा पट्टा पाहिला. त्यावर धाकट्यांचा नंबर होता. बायकांनी पट्टे उलटे बांधले होते! म्हणजे आपला पाय आधी पडला तर धाकटे जिंकणार आणि आपले रविवार गेले. आणि धाकट्यांचा पाय आधी पडला तर मात्र पडदे ओढलेले, पंखा चालू, उशी थंडगार. चष्म्याबद्दलचं भरून येणं तिथल्या तिथे ओसरलं.

त्यांना काय ठाऊक, की हनुवटीला गुडघे लावून सायकल चालवणाऱ्या धाकट्यांनी तो पट्टा रस्ताभर वाचला होता!

"तुम्ही व्हा पुढे, साडूभाऊ," थोरले म्हणाले. "तुम्ही दमदार माणूस. माझ्यापायी तुमची वेळ नको जायला."

"छे छे, तुम्हाला सोडून कसा जाऊ? तुमच्या मागून चालतो ना मी."

"मागून कशाला? पुढून चाला."

"थोरल्या जावयाच्या पुढे? मला नाही शोभत ते."

दोघे इतके हळू चालू लागले की एक कुत्रं त्यांच्याबरोबर थोडं चाललं आणि कंटाळून पुढे निघून गेलं. थोरल्यांनी दोनदा बुटाची नाडी बांधली. धाकट्यांनी तीनदा बांधली, आणि त्यांच्या बुटाला नाडीच नव्हती. तरीही शेवटी रेघ आलीच. वर हवा भरलेली मोठी कमान होती. पलीकडे दोघी बहिणी, त्यांच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर सासरेबुवा, आणि तीच शिट्टीवाली बाई हातातल्या घड्याळाकडे बघत.

"चला काका! वेळ संपत आली! दोघंच राहिलात!"

रेघ वीतभर अंतरावर असताना दोघेही थांबले.

"साडूभाऊ, तुम्ही आधी."

"छे हो. तुम्ही आधी. मान थोरल्यांचा."

"मान कसला, पाण्यातून आधी बाहेर आलो तेव्हाच मिळाला तो मला. आता तुमची पाळी."

"भाऊजी, टाका की पाय!" धाकटी ओरडली.

"अहो, उभे काय राहिलात खांबासारखे!" थोरली ओरडली.

थोरल्यांनी धाकट्यांच्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला आणि हळूच पुढे ढकललं. धाकट्यांनीही थोरल्यांच्या कमरेला तितकाच प्रेमळ हात घातला. लोकांना वाटलं, मिठी मारली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत दोघे घट्ट गुंतून, दात ओठ खात, एकमेकांना पुढे रेटत राहिले. आणि दिवसभर दमलेली दोन शरीरं एकमेकांना रेटू लागली की जे होतं तेच झालं. कुणीच हललं नाही.

शिट्टी वाजली. कुणीतरी कमानीचं यंत्र बंद केलं, आणि ती भलीमोठी कमान सुस्कारा सोडत दोघांच्या डोक्यावर येऊन बसली.

"दोघंही बाद," कमानीखाली डोकावून बाई म्हणाल्या.

"सारखंच झालं म्हणायचं," धाकटी थोरलीला म्हणाली. दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या सायकली आणायला गेल्या.

साडू सासरेबुवांच्या पायाशी गवतावर बसले. आता काही लपवायचं त्राण नव्हतं. थोरल्यांनी पट्टे सांगितले, पैज सांगितली, रविवारही सांगितले. "चुकलं आमचं, बाबा. तुमच्याकडे येणं म्हणजे जणू शिक्षा, अशी पैज लावली आम्ही. आता दर रविवारी दोघंही येतो."

सासरेबुवांचा चेहरा उतरला. त्यांनी मुली लांब गेल्याची खात्री करून घेतली.

"जावईबापू, एक सांगू? गेले सहा महिने तुम्ही सरावाला जात होता, तर रविवारी मी कसा झोपलोय! जन्मात असा झोपलो नव्हतो. एरवी तुम्ही येणार म्हणून शनिवारी संध्याकाळी मला नळ ढिला करावा लागायचा, बिजागरीचे स्क्रू काढावे लागायचे. जावई येतो आणि त्याला काहीच काम नाही, बरं दिसतं का ते? त्या स्क्रूंनी पाठ मोडली माझी."

"आणि कपाट?" धाकट्यांनी विचारलं.

"ते कुठेही असलं तरी मला सारखंच."

तलावावर वारा सुटला होता.

"मग आम्हाला पाठवू नका, असं सांगायचं ना मुलींना," थोरले म्हणाले.

"वेडे का तुम्ही? बाबांना आपण नकोसे झालो म्हणून रडतील दोघी, आणि मग रविवारी त्याच येऊन बसतील. त्यापेक्षा तुम्ही पुढच्या वर्षीही पळा. सराव आहे म्हटलं की कुणी काही बोलत नाही." म्हाताऱ्यानं हात जोडले. "एवढं करा माझ्यासाठी."

पुन्हा ते पहाटेचे गजर, पुन्हा ते मोजे! थोरल्यांना ढसाढसा रडावंसं वाटलं. पण धाकटे एकटक सासरेबुवांकडे बघत होते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट पाहताना ते असेच बघत.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "आम्ही रविवारी पहाटे सायकली घेऊन घरून निघालो, आणि थेट तुमच्याकडे आलो, तर? दार लावायचं, पडदे ओढायचे. तीन माणसं आडवी होतील एवढी जागा आहे ना तुमच्याकडे?"

लांबून दोघी बहिणी दोन निळ्या सायकली ढकलत येत होत्या. सासरेबुवांनी मनातल्या मनात खोली मोजली.

"होईल की," ते म्हणाले. "फक्त कपाट तेवढं हलवावं लागेल."